पोचमपल्लीची साडी आणि आपला हिशेब

सुलतान बाजार, काचीगुडा, बडी चावडी भागात वाढलेल्या आपल्या पिढीसाठी हे लिहितोय. नातवंडं विचारतात, "आजोबा, एवढा महाग हातमाग कशाला?" याचं उत्तर इथल्याच इतिहासात आहे.

1951 च्या एप्रिलमध्ये विनोबाजी पवनारहून पायी शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनाला आले. तिथून पुढे निघाले आणि 18 एप्रिलला पोचमपल्लीत पोचले. तिथल्या भूमिहीन दलित कुटुंबांनी 80 एकर जमीन मागितली, आणि रामचंद्र रेड्डींनी 100 एकर देऊ केली. भूदान तिथे सुरू झालं, हे आपल्या घरांत सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच गावात घरोघरी माग होते, त्याची आठवण कमी जण काढतात.

इकतमध्ये नक्षी छापत नाहीत. सूत ताणायचं, नक्षीच्या मापाने गाठी मारून बांधायचं, रंगवायचं, सोडायचं, दुसऱ्या रंगासाठी पुन्हा बांधायचं. मग ते मागावर चढतं. म्हणून नक्षीची कड किंचित पसरलेली दिसते आणि रंग कापडाच्या दोन्ही बाजूंना सारखा असतो.

बँकेत असताना विणकर सोसायट्यांची कॅश क्रेडिट खाती माझ्याकडे होती. स्टॉक स्टेटमेंट वाचलं की सगळं कळायचं. सूत आज घ्यायचं, साडी विकून पैसे महिन्यांनी यायचे. सूत महागलं की नफा गेलाच. सोसायटीबाहेरचा विणकर व्यापाऱ्याकडून सूत घ्यायचा, कापड त्यालाच द्यायचा आणि ठरलेली मजुरी घ्यायचा. दुकानात साडी कितीला गेली, याचा त्याच्या मजुरीशी संबंध नसायचा. तेव्हा जास्त पैसे मोजले म्हणजे ते विणकराला पोचले, असं धरून चालू नका. कोणाकडून घेतलं, तेही पाहायला हवं.

1985 मध्ये काही वाण हातमागासाठी राखून ठेवणारा कायदा झाला. 2004-05 मध्ये पोचमपल्ली इकतला भौगोलिक मानांकन मिळालं. तरीही छापील नक्कल 'पोचमपल्ली डिझाइन' म्हणून विकली जातेच.

आता कॉमर्सवाल्याचा हिशेब, म्हणजे घसारा. आमच्या सौ.ने 1988 मध्ये 300 रुपयांना सुती पोचमपल्ली घेतली. वर्षाला बारा वेळा धरा, वीस वर्षं नेसली. म्हणजे दर खेपेला सव्वा रुपया. तेव्हाच घेतलेली 90 रुपयांची छापील साडी दोन वर्षांत विटली. तिची खेप पावणेचार रुपयांना पडली. पोचमपल्लीची शेवटी गोधडी झाली, ती फायद्यात.

पण हा हिशेब ज्याच्या हातात एकदम 300 रुपये असतात त्याचा. माझ्या आईला गिरणीचंच लुगडं घ्यावं लागे, कारण महिनाअखेरीला घरात पैसेच उरत नसत. तिला कोणी नीतीचे धडे देऊ नयेत. ज्याला परवडतं, जबाबदारी त्याची.

चपलेचंही तसंच. कोल्हापुरीला 2019 मध्ये मानांकन मिळालं, महाराष्ट्राचे चार जिल्हे आणि कर्नाटकाचे चार. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं ते कातडं, पावसात घालू नये. पण शिवलेला तळ मोची पुन्हा शिवून देतो. चिकटवलेला तळ सुटला की बहुतेक वेळा जोडच फेकावा लागतो. 2025 मध्ये प्राडाने मिलानच्या शोमध्ये तशाच चपला दाखवल्या तेव्हा आपण सगळे रागावलो. पण आपण स्वतः शेवटची कोल्हापुरी कधी घेतली होती?

तेव्हा मंडळी, साडी उलटी करून बघा. शक्यतो सोसायटीच्या दुकानातून घ्या, आणि विणकराच्या दारात उभं राहून घासाघीस करू नका. तुमच्या घरात आईची, आजीची एखादी इकत अजून असेल, तर कोणत्या साली, कितीला घेतली ते खाली लिहा. फोटो टाकलात तर फारच छान.