बाहुली नव्हे, ‘ॲक्शन फिगर’ : अमेरिकन खेळणी-उद्योगाच्या विक्रीतंत्राचा ऐतिहासिक मागोवा

प्रास्ताविक :

राजकीय घडामोडी आणि युद्धे यांच्या तुलनेत खेळणे ही वस्तू इतिहासलेखनात सहसा दुर्लक्षित राहिली आहे. परंतु समाज आपल्या मुलांच्या हाती काय देतो आणि कोणत्या मार्गाने देतो, यावरून त्या समाजाच्या आर्थिक व सांस्कृतिक धारणा स्पष्ट होतात. हातपाय हलवता येणारी, सैनिकाच्या किंवा काल्पनिक वीराच्या रूपातील प्लॅस्टिकची लहान आकृती म्हणजे ‘ॲक्शन फिगर’. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील या खेळण्याच्या विक्रीतंत्राचा १९६४ पासूनचा प्रवास तपासला आहे. खेळण्यापेक्षा ‘अपुरा संच’ विकणे हे या तंत्राचे मर्म होते. मुलांसाठी घडवलेले हे तंत्र पुढे प्रौढ संग्राहकांना लागू झाले आणि अखेर अधिक धारदार होऊन मुलांकडेच परतले, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

१. बाहुलीचे नामांतर :

मॅटेल कंपनीने १९५९ मध्ये ‘बार्बी’ बाजारात आणली. बाहुली एकदाच विकली जाते, तिचे कपडे मात्र पुनःपुन्हा विकता येतात, हे तिच्या यशाने सिद्ध केले. हेच गणित मुलग्यांसाठी मांडावे, या विचारातून स्टॅन वेस्टन यांनी सुचवलेली सैनिकाची कल्पना हॅस्ब्रो कंपनीतील डॉन लेव्हिन यांनी विकसित केली आणि १९६४ मध्ये ‘जी. आय. जो’ अवतरला. सुमारे १२ इंच उंचीच्या या सैनिकाचे गणवेश व शस्त्रे स्वतंत्रपणे विकली जात. मुलगे ‘बाहुली’ घेणार नाहीत या धास्तीने कंपनीने तो शब्द कटाक्षाने टाळला आणि ‘ॲक्शन फिगर’ हे नवे नाव रूढ केले.

या नामांतराला न्यायालयीन इतिहासही आहे. सीमाशुल्काच्या वादात १९८९ मध्ये अमेरिकन न्यायालयाने जी. आय. जो ही बाहुलीच असल्याचा निर्णय दिला. उलट २००३ मध्ये ‘टॉय बिझ’ कंपनीच्या खटल्यात ‘एक्स-मेन’ या पात्रांच्या आकृत्या मानवाचे प्रतिनिधित्व करीत नसल्याने त्या बाहुल्या नव्हेत, असे ठरले. बाहुल्यांवरील शुल्क अधिक असल्याने हा निर्णय कंपनीच्या लाभाचा होता. दुकानात जे नाव मुलग्यांचा संकोच दूर करण्यासाठी वापरले गेले, तेच बंदरावर कर वाचवण्यासाठी उपयोगी पडले.

२. रिकामे खोके :

‘स्टार वॉर्स’ हा चित्रपट मे १९७७ मध्ये प्रदर्शित झाला. खेळण्यांचे हक्क असलेल्या सिनसिनाटीच्या केनर कंपनीला नाताळपर्यंत आकृत्या तयार करणे शक्य नव्हते. तेव्हा तिने जवळजवळ रिकामे खोकेच विकले. त्यात पुठ्ठ्याचा मांडणीफलक, काही चिकटचित्रे आणि एक प्रमाणपत्र होते. ते प्रमाणपत्र पाठवल्यावर १९७८ मध्ये चार आकृत्या टपालाने घरी येत. विकली गेली ती वस्तू नव्हे, तर वस्तूची प्रतीक्षा.

या आकृत्या पावणेचार इंचांच्या होत्या. आकार लहान असल्याने किंमत आटोक्यात राहिली आणि पात्रांची संख्या वाढवता आली. वेष्टनाच्या मागील बाजूस संचातील इतर आकृत्यांची छायाचित्रे असत. म्हणजे एक खेळणे हाती येताच आपल्याकडे काय नाही, याची यादीही मुलाच्या हाती पडे. १९७९ मध्ये खरेदीचे चार पुरावे पाठवणाऱ्यास ‘बोबा फेट’ या पात्राची आकृती टपालाने मिळे. तिचे रॉकेट सुटणारे मूळ रूप मात्र सुरक्षिततेच्या कारणास्तव कधीच विक्रीस आले नाही.

३. दूरचित्रवाणी आणि नियमन :

मॅटेलने १९८२ मध्ये ‘ही-मॅन’ची खेळणी आणली; त्यावरील दूरचित्रवाणी मालिका १९८३ मध्ये आली. म्हणजे येथे खेळणे आधी आणि कथा नंतर, असा क्रम होता. अमेरिकन संघराज्य दळणवळण आयोगाने १९८४ मध्ये मुलांच्या कार्यक्रमांतील जाहिरातींविषयीची बंधने हटवली आणि अर्ध्या तासाच्या मालिकेला जाहिरातीचेच रूप येण्याचा मार्ग मोकळा झाला.

याचा परिणाम १९८६ च्या ‘ट्रान्सफॉर्मर्स’ चित्रपटात दिसतो. नव्या खेळण्यांना जागा करून देण्यासाठी ‘ऑप्टिमस प्राइम’ या नायकासह जुनी पात्रे पडद्यावर मारण्यात आली. विक्रेत्याच्या दृष्टीने ती जुन्या मालाची निवृत्ती होती. प्रेक्षागृहातील मुलांसाठी मात्र तो जिवलगाचा मृत्यू होता. मुलांच्या दुःखाचा पडसाद इतका उमटला की १९८७ मध्ये मालिकेत हा नायक पुन्हा जिवंत करावा लागला. मुलांचे नाते पात्राशी जडले होते, संचाशी नव्हे, ही बाब येथे विशेष लक्षणीय आहे. १९९० च्या कायद्याने मुलांच्या कार्यक्रमांतील जाहिराती तासाला सुट्टीच्या दिवशी साडेदहा व इतर दिवशी बारा मिनिटांवर मर्यादित केल्या. तथापि खेळण्यावर आधारित मालिकेला त्याने मज्जाव केला नाही.

४. संग्राहकाचा उदय :

पहिल्या पिढीतील मुले १९९० च्या दशकात कमावती झाली. टॉड मॅकफार्लेन यांच्या कंपनीने १९९४ पासून ‘स्पॉन’च्या बारीक कोरीवकामाच्या आकृत्या आणल्या, त्या मुलांइतक्याच प्रौढांसाठीही होत्या. केनरने १९९५ मध्ये ‘स्टार वॉर्स’ची खेळणी पुन्हा बाजारात आणली, तेव्हा अनेक प्रौढांनी ती भविष्यातील ठेव मानून न उघडता जपून ठेवली. एखादी आकृती प्रत्येक पेटीत कमी संख्येने घालणे, रंगात किंचित बदल करणे, ती केवळ संमेलनातच विकणे, अशा उपायांनी दुर्मिळता घडवली जाऊ लागली.

येथे एक विरोधाभास दिसतो. १९७० च्या दशकातील खेळणी दुर्मिळ झाली, कारण मुलांनी ती उघडली, खेळली, मोडली आणि हरवली. जपून ठेवलेली १९९० च्या दशकातील खेळणी मात्र मुबलक राहिली आणि बहुतेकांचे मोल वाढले नाही. बोबा फेटच्या विक्रीस न आलेल्या त्या रूपाचा एक नमुना २०२४ मध्ये लिलावात ५,२५,००० डॉलरना गेला. ज्याच्याशी कोणतेही मूल खेळले नाही, ते सर्वांत महाग ठरले. २०१८ मध्ये हॅस्ब्रोने सुमारे ५०० डॉलर किमतीचे जहाज किमान ५,००० ग्राहकांनी आगाऊ नोंदणी केल्यासच बनवण्याचे जाहीर केले. ८,८१० नोंदी झाल्या. रिकाम्या खोक्याचीच ही प्रौढ आवृत्ती होती.

५. भारतीय दुवा :

या इतिहासाचा एक धागा गोव्यापर्यंत येतो. एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांच्या सहभागातून १९८७ मध्ये स्थापन झालेल्या फनस्कूल कंपनीचा कारखाना गोव्यात आहे. या कंपनीने हॅस्ब्रोच्या साच्यांतून भारतीय मुलांसाठी जी. आय. जो बनवले. त्यांतील अनेकांची रंगसंगती अमेरिकन मूळ आकृत्यांहून निराळी होती. पुढे या निराळेपणामुळेच अमेरिकन संग्राहक त्यांना शोधू लागले. येथील मुलांचे साधे खेळणे तेथे दुर्मिळ संग्रह्य वस्तू ठरले.

समारोप :

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, मूल आणि संग्राहक हे कंपन्यांच्या लेखी दोन भिन्न ग्राहक नसून एकाच ग्राहकाचे दोन वयोगट आहेत. २०१० पासून लेगो कंपनीने आत कोणती आकृती आहे हे न दिसणाऱ्या पाकिटांतून लहान आकृत्या विकल्या, तेव्हा संग्राहकासाठी धारदार झालेले दुर्मिळतेचे तंत्र पुन्हा मुलांच्या हाती आले. कायद्याने जाहिरातींची मिनिटे मोजली. अपुरेपणाची जाणीव मोजण्याचे माप मात्र त्याच्याजवळ नव्हते. खेळणे पूर्ण होते ते संच भरल्याने नव्हे, तर मूल त्याच्याशी खेळल्याने. बालकांच्या ग्राहकहक्कांचा विचार करताना या साध्या गोष्टीपासून आरंभ करणे इष्ट ठरेल.