पंढरपूरची तुळशीमाळ

पंढरपुरात तुळशीच्या लाकडाचे मणी घडवून माळा ओवण्याचा धंदा मुख्यतः काशीकापडी समाजाच्या हाती आहे. हा समाज मूळचा फिरस्ता. काशीहून गंगाजळ कावडीतून दक्षिणेत न्यायचे, तीर्थाच्या ठिकाणी भिक्षा मागायची, जत्रांतून देवाधर्माचे सामान विकायचे, यावर त्याचे पोट चाले. शासनाच्या यादीत तो आजही भटक्या जमातींत मोडतो. पंढरीला आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री अशा चार वाऱ्या भरतात आणि एरवीही भाविकांची ये-जा असते. गिऱ्हाईक दाराशी येऊ लागल्यावर फिरत्या घरांना गावात टेकता आले.

या धंद्याचा कच्चा माल स्वस्त, पण अवघड. तुळस म्हणजे झुडूप. तिला सुताराला पुरेल असे खोड कधीच येत नाही. मंजिऱ्या वाळून झाड निबर झाले की ते उपटून सुकवतात आणि बोटभर जाडीच्या, त्याहूनही बारीक काटक्या निवडून घेतात. साल तासायची, काटकीचे सारख्या लांबीचे तुकडे पाडायचे, प्रत्येकाला आरपार भोक पाडायचे आणि मग फिरवत फिरवत त्याला गोलाई आणायची. भोक जरा तिरके गेले की मणी चिरतो आणि तोवरची मेहनत वाया जाते. पूर्वी हे सगळे हाताने, दोरीच्या ओढीवर फिरणाऱ्या अवजाराने होई. आता छोट्या विजेच्या मोटरी आल्या आहेत. ओवण्याचे काम बहुतेक घरांत बायका करतात. 108 मणी आणि गाठीपाशी मेरूमणी, अशी जपाची माळ पूर्ण होते.

दुकानातून विकत आणलेली माळ मात्र वारकऱ्याच्या लेखी अजून माळ नसते. ती विठ्ठलाच्या पायांवर किंवा ज्ञानेश्वरीच्या पोथीवर ठेवतात, फडावरचे, म्हणजे वारकरी गुरुपरंपरेतले, महाराज किंवा एखादा जुना वारकरी ती गळ्यात घालतो आणि घेणारा नेमाने वारी करण्याचा, एकादशी पाळण्याचा, मद्यमांस वर्ज्य करण्याचा शब्द देतो. म्हणूनच वारकऱ्याला माळकरी असेही म्हणतात. माळ तुटली, तर ती पुन्हा गळ्यात येईपर्यंत अन्न घ्यायचे नाही, असा नेम कित्येक जण कडक पाळतात. त्यामुळे नवी माळ विकण्याइतकेच जुनी ओवून देण्याचेही महत्त्व आहे.

माळ घडवणाऱ्यांचा आणि भजन-कीर्तन करणाऱ्यांचा संबंध इथे जुळतो. कीर्तनकार माळकरी असलाच पाहिजे, हा फडांचा दंडक. विणेकरी, मृदंगवादक आणि टाळकरी यांच्याकडूनही तीच अपेक्षा असते. पखवाजाचा बोल येण्याआधी गळ्यात माळ येते. तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी 1685 च्या सुमारास पादुका पालखीत ठेवून देहूहून वारी सुरू केली. पुढे एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी आळंदीच्या ज्ञानेश्वर पालखी सोहळ्याला दिंड्यांची शिस्त लावली. अंकलीच्या शितोळे सरदारांनी त्यासाठी घोडे आणि इतर लवाजमा दिला. दिंडीत पताकाधारी, टाळकरी, मृदंगी, विणेकरी, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बाया, सगळ्यांच्या जागा ठरल्या. गावोगाव दिंड्या उभ्या राहिल्या आणि प्रत्येक दिंडीबरोबर माळांची मागणीही वाढली. 1917 साली जोगमहाराजांनी आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथून शिकून बाहेर पडलेल्या कीर्तनकारांनी खेड्यापाड्यांत ज्यांना ज्यांना माळ घातली, ती सगळी पंढरीच्या कारागिराची गिऱ्हाइके झाली.

वारकऱ्यांच्या या वर्तुळात इतर कारागीर पहिल्यापासून आहेत. कीर्तनाची परंपरा ज्यांच्यापासून सांगतात ते नामदेव शिंपी, गोरोबा कुंभार, सावतोबा माळी, नरहरी सोनार. पंथाची वाणीच हातांनी काम करणाऱ्यांनी घडवली. वाद्यांचेही तसेच. काशाचे टाळ ओतणारा, पखवाजाला कातडी पुडी चढवून तिला शाई भरणारा, चिपळ्या घडवणारा आणि माळ ओवणारा यांचा माल एकाच दिंडीत एकत्र येतो. विणेची गोष्ट तर विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. मिरजेतील शिकलगार हे मूळचे शस्त्रांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेबांपासून त्यांच्यातली काही घराणी तंतुवाद्यांकडे वळली आणि मिरजेचे तंबोरे व सतारी देशभर गेल्या. या वाद्यांना लागणारे मोठे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून येतात. विठ्ठलाच्या हाराची आणि माळेच्या मण्यांची तुळस याच परिसरात पिकते. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

माळ कोणत्याही जातीच्या माणसाला घेता येई, देऊळ मात्र सगळ्यांना उघडे नव्हते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या संत चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ आहे, आत नाही. गळ्यात माळ, हातात टाळ आणि तरी दारापर्यंतच मजल, अशी कैक पिढ्यांची वारी झाली. साने गुरुजींनी मे 1947 मध्ये मंदिरप्रवेशासाठी पंढरपुरात उपोषण केले, तेव्हा ते दार उघडले. पंथाच्या इतिहासातला हा उशीर डोळ्यांआड करता येण्याजोगा नाही.

विसाव्या शतकात मुंबईच्या गिरणगावातील भजनी मंडळांनी माळ चाळींत नेली. त्याच काळात स्पर्धाही वाढली. उत्तरेकडील, विशेषतः मथुरा-वृंदावनकडील यंत्रावरच्या माळा स्वस्तात येऊ लागल्या आणि दुसऱ्याच लाकडाचे मणी तुळशीचे म्हणून खपू लागले. हाताने केलेला मणी भावात त्यांच्यापुढे टिकत नाही. 2020 आणि 2021 मध्ये करोनामुळे पायी वारी झाली नाही, पादुका एसटी बसमधून पंढरीला आल्या. ज्यांची वर्षाची कमाई आषाढीवर अवलंबून, त्या घरांना दोन वर्षे माल पडून राहिल्याचा फटका बसला.

वारी पुन्हा सुरू झाली, तसा धंदाही सुरू झाला. तरी तो पुढच्या पिढीने का धरावा, याचे उत्तर केवळ श्रद्धेत मिळणार नाही. ते मण्याला मिळणाऱ्या भावात आहे. फड, दिंड्या आणि भजनी मंडळे यांनी आपल्या माळा घडवणाऱ्याच्या हातून, त्याच्या कष्टाला शोभेल अशा दराने घेतल्या, तरच हे काम पंढरपुरात टिकेल.