गॅरंड रायफल आणि शिपायाचे पुनःशिक्षण

नव्या शस्त्राचा इतिहास लिहिताना संशोधकाची दृष्टी बहुधा शोधकर्ता, कारखाना आणि रणांगण या तीन ठिकाणीच स्थिरावते. ज्याच्या हाती ते शस्त्र पडले त्या शिपायाने जुन्या सवयी कशा टाकल्या, हा प्रश्न कवायतीच्या पुस्तकांवर सोपविला जातो. अमेरिकन सैन्याने ९ जानेवारी १९३६ रोजी स्वीकारलेल्या एम-१ रायफलीच्या बाबतीत ही उपेक्षा परवडण्याजोगी नाही. कारण तीविषयीचा वाद जितका यंत्राचा होता तितकाच शिपायावरील विश्वासाचाही होता.

तत्पूर्वीच्या १९०३ च्या स्प्रिंगफील्ड रायफलीत पाच काडतुसे मावत. प्रत्येक गोळीनंतर बोल्टची मूठ उचलावयाची, मागे ओढावयाची, टरफल बाहेर पडले की पुढे ढकलून पुन्हा खाली वळवावयाची, असा क्रम होता. क्वेबेकमध्ये जन्मलेल्या व स्प्रिंगफील्ड शस्त्रागारात काम करणाऱ्या जॉन गॅरंड यांनी हेच काम गोळीमागच्या वायूकडे सोपविले. नळीच्या तोंडाजवळ थोडा वायू घेतला जाई. त्याच्या दाबाने एक दांडा मागे सरे, बोल्ट फिरून सुटे, टरफल उडे, घोडा चढे. दबलेली स्प्रिंग मग बोल्टला पुढे लोटी आणि नवे काडतूस नळीत बसे. चाप मात्र प्रत्येक गोळीस सोडून पुन्हा ओढावा लागे. ‘अर्ध-स्वयंचलित’ या संज्ञेतील ‘अर्ध’ म्हणजे एवढेच, आणि नवशिक्याचा पहिला पाठही तोच.

दुसरा पाठ अंगठ्याचा. आठ काडतुसे पोलादी क्लिपसह वरून दाबून बसवावी लागत, आणि क्लिप तळाशी टेकताच बोल्ट पुढे झेपावू शके. म्हणून तळहाताच्या कडेने दांड्याची मूठ अडवून धरावयाची आणि अंगठा वेळीच काढून घ्यावयाचा. ज्याचा अंगठा चेंगरला त्याच्या दुखापतीस सैनिकांनी ‘एम-१ अंगठा’ असे नावच देऊन टाकले! शेवटच्या गोळीबरोबर रिकामी क्लिप आवाज करीत बाहेर उडे व बोल्ट उघडाच राही. रायफल रिकामी झाल्याचे तीच सांगे. जुन्या बोल्टवाल्यास गोळ्या मोजण्याची जी सवय असे, तिची निकड येथे उरली नाही.

गोळ्या वाया जातील ही धास्ती मोठी होती. हाताला श्रम नसले की शिपाई नेम न धरता दारूगोळा उधळील, असा हा तर्क. वस्तुतः गॅरंड यांची आधीची रायफल .२७६ व्यासाची असून तिच्या क्लिपमध्ये दहा काडतुसे बसत. सेनाप्रमुख मॅकआर्थर यांनी १९३२ मध्ये ती नाकारून जुनेच .३० काडतूस कायम ठेवले. त्याचा मोठा साठा शिल्लक होता, हे त्यामागील एक कारण. दहाच्या आठ झाल्या त्या अशा.

ग्वाडलकनाल बेटावर ७ ऑगस्ट १९४२ रोजी उतरलेल्या मरीन सैनिकांपाशी स्प्रिंगफील्डच होत्या. १३ ऑक्टोबरला भूदलाची १६४ वी रेजिमेंट एम-१ घेऊन तेथे पोहोचली, आणि त्याच महिन्याच्या अखेरच्या लढाईत दोन्ही रायफली एकाच फळीत झडल्या.

पुढे १९४७ मध्ये एस. एल. ए. मार्शल यांनी असे प्रतिपादन केले की, प्रत्यक्ष लढाईत शत्रूवर गोळी झाडणारे शिपाई चौथ्या हिश्श्याहून अधिक नसत. त्यांच्या आकड्यांना पुरेसा आधार नाही, असे रॉजर स्पिलर यांनी १९८८ मध्ये दाखवून दिले. परंतु गंमत अशी की, ज्या शिपायाकडून उधळपट्टीची भीती होती, त्याच्यावरच दहा-बारा वर्षांत न झाडण्याचा आरोप आला. दोन्ही निष्कर्ष सेनाधिकाऱ्यांच्या व भाष्यकारांच्या मनाविषयी जितके सांगतात तितके शिपायाविषयी सांगत नाहीत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

इटलीत डिसेंबर १९४४ मध्ये आठवी भारतीय डिव्हिजन अमेरिकन पाचव्या सेनेच्या आधिपत्याखाली सेर्कियोच्या खोऱ्यात होती. मराठा पलटणीच्या जवानांच्या हाती तेव्हा बोल्टची ली-एनफील्डच होती. १९६२ च्या चीन युद्धातही आपल्या पायदळाचे मुख्य शस्त्र .३०३ हेच राहिले. इशापूरच्या कारखान्यातील अर्ध-स्वयंचलित रायफल त्यानंतर पलटणींत आली, आणि बोल्ट ओढण्यास सरावलेल्या आपल्या जवानांनाही चाप सोडण्याचा तो पहिला पाठ नव्याने गिरवावा लागला.