ट्युलिप ब्रेकिंग विषाणू : जीनोमचे क्रमनिर्धारण

ट्युलिपच्या एकरंगी फुलांवर पट्टे व रेषा उमटविणारा, पॉटिव्हायरिडी कुलातील पॉटिव्हायरस प्रजातीत मोडणारा वनस्पति-विषाणू. त्याचे कण धाग्यासारखे, लवचिक व सु. ७५० नॅनोमीटर लांबीचे असतात. संसर्ग झालेल्या पाकळ्यांत अँथोसायनिन हे रंगद्रव्य ठिकठिकाणी तयार होत नाही, त्यामुळे खालचा पांढरा वा पिवळा रंग उघडा पडतो आणि उरलेला रंग कडांपासून आत ओघळल्यासारखा दिसतो. मुळातच पांढऱ्या वा पिवळ्या असलेल्या फुलांत हा पालट दिसत नाही. कंद मात्र पिढीगणिक लहान होत जातो.

इतिहास : रंग फुटलेली ट्युलिपे पुढे क्षीण होतात, हे कारोलस क्लूसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने सोळाव्या शतकातच नोंदविले होते. डच बाजारात १६३७ मध्ये भाव कोसळण्यापूर्वी अशाच फुलांना, विशेषतः ‘सेंपर ऑगस्टस’ या वाणाला, अफाट किंमत येत असे. इंग्लंडमधील जॉन इन्स संस्थेत डोरोथी केली यांनी १९२८ मध्ये रोगट कंदाचा भाग निरोगी कंदात बसवून हा विकार संसर्गजन्य असल्याचे दाखविले.

जीनोम व क्रमनिर्धारण : या प्रजातीतील विषाणूंचा जीनोम एकपदरी, धन-दिशेचा म्हणजे थेट प्रथिनात भाषांतरित होऊ शकणारा आरएनए असून त्याची लांबी सु. १०,००० न्यूक्लिओटाइडे असते. त्याच्या एका टोकाला व्हीपीजी हे प्रथिन, तर दुसऱ्या टोकाला ॲडेनिनांची शेपटी असते. त्यावरून प्रथम एक लांब बहुप्रथिन बनते आणि विषाणूचीच प्रथिनविच्छेदक विकरे ते कापून दहा प्रथिने मोकळी करतात. यांखेरीज पिपो हा लहान जनुकभाग २००८ मध्ये ओळखला गेला. दहांपैकी एचसी-प्रो हे प्रथिन मावा या किडीमार्फत होणाऱ्या प्रसाराला मदत करते व वनस्पतीची आरएनए-आधारित संरक्षणयंत्रणा दाबते, म्हणून रंगपालटाचा शोध घेताना त्याला विशेष महत्त्व द्यावे लागते. क्रमनिर्धारणासाठी पाने वा पाकळ्यांतून आरएनए काढून उलट-प्रतिलेखक विकराने त्याची डीएनए प्रत करतात व ॲडेनिनांच्या शेपटीचा आधार घेऊन प्रथम आवरण-प्रथिनाचा भाग वाचतात. अलीकडच्या पद्धतीत सर्वच आरएनएचे लहान तुकडे एकाच वेळी वाचून संगणकाच्या साहाय्याने जुळवितात, त्यामुळे एकाच कंदातील मिश्र संसर्गही उघड होतो.

वर्गीकरण : केवळ लक्षणांवरून विषाणूची ओळख पटविणे अपुरे ठरते, हे क्रमनिर्धारणाने निःसंशय सिद्ध केले. जीनोमच्या टोकाकडील क्रमांची १९९३ मध्ये तुलना करण्यात आली, तेव्हा ट्युलिप व लिलीतील रंगपालट एकाच विषाणूमुळे होत नसून तो अनेक विषाणूंमुळे होतो, असे आढळले. ट्युलिप ब्रेकिंग विषाणूचाच प्रकार समजला जाणारा लिलीतील विषाणू वेगळी जाती ठरला, तर ‘ट्युलिप टॉप ब्रेकिंग’ हा टर्निप मोझेक विषाणूचा प्रकार निघाला. संपूर्ण बहुप्रथिनाच्या संकेतात न्यूक्लिओटाइड-साम्य सु. ७६ टक्क्यांहून कमी असल्यास या प्रजातीत सामान्यतः वेगळी जाती मानतात. सतराव्या शतकातील फुलांत यांपैकी नेमका कोणता विषाणू होता, हे निश्चित मानता येत नाही.

प्रसार व नियंत्रण : प्रसार मावा व रोगट कंदांमार्फत होतो, रोगट झाडे उपटून टाकणे व निरोगी कंदच लावणे हे मुख्य उपाय होत.