झुरळ, खेकडा आणि बर्टाबाई

परवा रात्री ओट्यावर झुरळ दिसलं आणि एकदम बीएस्सीचं प्रॅक्टिकल आठवलं. मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्यांनी पक्कं केलेलं झुरळ, आणि त्याच्यातून मोकळी करायची ती पांढरी, दोऱ्यासारखी चेतारज्जू. खाली काळ्या कागदाची पट्टी सरकवायची, म्हणजे परीक्षकांना नीट दिसते. माझी तुटली. जर्नलमधली आकृती सुरेख होती म्हणून निभावलं. कुठला तंतू कुठे जातो हे पाठ झालं की चेतासंस्था कळली, अशी तेव्हा माझी समजूत होती.

ती समजूत खोटी पाडणाऱ्यांत एक बाई होती, बर्टा शारर. म्युनिकची, जन्म १९०६. तिचा नवरा अर्न्स्ट. त्याने १९२८ साली माशाच्या मेंदूत ग्रंथीसारखा स्राव तयार करणाऱ्या चेतापेशी पाहिल्या. चेतापेशी म्हणजे निरोप्या, स्राव करायच्या त्या ग्रंथींनी, असं मानणाऱ्यांना हे काही पटेना. मग दोघांनी काम वाटून घेतलं: कण्याचे प्राणी त्याचे, बिनकण्याचे हिचे.

१९३७ मध्ये नाझी राजवट नकोशी होऊन दोघं अमेरिकेला गेली. नोकरी त्याला. एकाच विद्यापीठात नवरा-बायको दोघांना पगार द्यायचा नाही असे तेव्हाचे नियम, त्यामुळे हिला बसायला जागा मिळे, पगार नाही. प्राणी विकत घ्यायलाही पैसे नाहीत. मग शिकागोत जे फुकट मिळत होतं ते तिने घेतलं... झुरळ! पुढे न्यूयॉर्कला दक्षिण अमेरिकेतून आलेल्या माकडांच्या पेट्यांत मोठी, संथ झुरळं लपून आली होती. तीच तिने आयुष्यभर सांभाळली. मेंदूतून मागच्या ग्रंथीकडे जाणारी नस तिने कापली, तर कापल्याच्या मेंदूकडच्या बाजूला स्राव तुंबला. म्हणजे तो मेंदूतच तयार होऊन तंतूंतून वाहत होता.

पूर्ण प्राध्यापकपद तिला १९५५ साली मिळालं. (आमच्या दुकानाच्या वह्या आईने तीस वर्षं लिहिल्या. पाटीवर नाव बाबांचं. आई, तू हे वाचतेयस ना?)

असो. स्रावात नेमकं असतं काय? कॅनडात ब्राउन आणि स्टॅरट यांनी सव्वा लाख झुरळं वाटून १९७५ साली एक उत्तर दिलं. हाती लागलं फक्त १८० मायक्रोग्रॅम! पाच अमिनो आम्लांची छोटीशी साखळी, नाव प्रोक्टोलिन. झुरळाच्या आतड्याचा स्नायू ती आकुंचित करते.

हेच प्रोक्टोलिन पुढे खेकड्याच्या चेतातंतूंत सापडलं, आणि खरी गंमत तिथे आहे. खेकड्याच्या जठरावर जेमतेम तीसेक चेतापेशींची एक गाठ असते. अन्न दळण्याची, गाळण्याची लय तीच धरते. गाठ बाहेर काढून बशीत ठेवली तरी ती लय चालवू शकते. ईव्ह मार्डर आणि तिच्या सहकाऱ्यांनी मंदावलेल्या गाठीवर प्रोक्टोलिन सोडलं, तर लय चढली. एकही नवा तंतू जोडलेला नाही!

१९९२ मध्ये गोलोवाश आणि मार्डर यांनी त्यामागची यंत्रणा दाखवली. प्रोक्टोलिनमुळे पेशीच्या आवरणातली काही दारं कार्यरत होतात आणि धन आयन आत येतात. पण पेशी स्वस्थ असताना बाहेरचं कॅल्शियम ती दारं अडवून धरतं. पेशीचा विद्युतदाब थोडा वर सरकला की अडसर सैल होतो, आयन आत शिरतात आणि दाब आणखी चढतो. एरवी जो धक्का पेशीने पचवला असता, त्याच धक्क्याला ती आता उसळते.

त्याहून चकित करणारं पुढे २००० च्या सुमारास कळलं. वेगवेगळी पेप्टाइडं हीच दारं उघडतात, पण प्रत्येकाच्या पेशी निराळ्या. म्हणून एकाच गाठीतून वेगवेगळ्या लयी निघतात. माझ्या त्या सुरेख आकृतीत यातलं काहीच नव्हतं.

बर्टाबाई १९९५ साली गेल्या, अगदी शेवटापर्यंत काम करत. ओट्यावरच्या झुरळाचं काय झालं ते विचारू नका, त्यावरून घरात अजून वाद चालू आहे.