लाप्तेव्ह समुद्रात विरघळलेली बेटे

१९३६ साली 'ख्रोनोमेत्र' नावाचे सोव्हिएत सर्वेक्षण जहाज सायबेरियाच्या उत्तरेला, लाप्तेव्ह समुद्रात, वासिल्येव्स्की बेट शोधत होते. बेट नकाशावर होते. एका शतकापूर्वी रशियन नौदलाच्या अधिकाऱ्याने ते मोजले होते आणि १९१२ साली रशियन जहाजांनी ते पुन्हा पाहिले होते. आता त्या जागी उथळ पाण्याखेरीज काहीही नव्हते.

मोजणाऱ्यांची चूक झाली नव्हती. बेट खरोखरच संपले होते. त्याची आणि त्याच्या शेजाऱ्याची ही हकिगत.

या बेटांकडे व्यापाऱ्यांना ओढून आणले ते मॅमथच्या सुळ्यांच्या लोभाने. १७७० साली इवान ल्याखोव्ह हा व्यापारी किनाऱ्यावर असताना त्याला उत्तरेकडून, गोठलेल्या समुद्रावरून, रेनडिअरांचा कळप येताना दिसला. जनावरे येतात म्हणजे पलीकडे जमीन असणार, हा त्याचा तर्क अचूक ठरला. त्या बेटांवर सुळ्यांचा एवढा साठा निघाला की पुढे कित्येक पिढ्यांनी त्यावर व्यापार केला. हे सुळे दरवर्षी नव्याने 'उगवतात' कसे, याचे कोडे मात्र कोणी फारसे सोडवत बसले नाही. कडा ढासळत होता आणि आतले सुळे उघडे पडत होते. किनारा खचतो आहे याचा पहिला पुरावा असा व्यापाऱ्यांच्या वखारीत जमा होत होता.

१८२३ साली प्योत्र आंजू या नौदल अधिकाऱ्याने या भागाची पद्धतशीर मोजणी केली. त्याच्या मोजणीत सेम्योनोव्स्की बेट सुमारे १५ किलोमीटर लांब होते. हा आकडा लक्षात ठेवावा.

१८८१ च्या सप्टेंबरात याच बेटावर भुकेने व थंडीने गांजलेली माणसे उतरली. अमेरिकेच्या 'जनेट' जहाजाला जूनमध्ये बर्फाने चिरडले होते. कप्तान डी लाँग आणि त्याचे ३२ सहकारी तीन होड्या कधी बर्फावरून ओढत, कधी पाण्यात लोटत दक्षिणेकडे निघाले होते. सेम्योनोव्स्कीवर त्यांना शिकार मिळाली आणि पायाखाली जमीन मिळाली. १२ सप्टेंबरला ते तिथून निघाले. त्याच दिवशी वादळ उठले व होड्यांची ताटातूट झाली. चिप या अधिकाऱ्याची होडी आठ माणसांसह कायमची नाहीशी झाली. डी लाँगची तुकडी लेना नदीच्या मुखाशी पोहोचली, पण उपासमारीने मेली. पुढे मदतीसाठी पाठवलेले दोघे तेवढे वाचले. त्या माणसांना ज्या भूमीवर शिकार मिळाली, ती भूमी त्यांच्यानंतर पाऊणशे वर्षेही टिकली नाही.

कारण ती भूमी मुळात भूमी कमी आणि बर्फ अधिक होती.

शेवटच्या हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. आजचा लाप्तेव्ह समुद्राचा उथळ तळ तेव्हा कोरडे, गवताळ मैदान होता आणि त्यावर मॅमथ चरत होते. या मैदानातील गोठलेल्या गाळात काही ठिकाणी ऐंशी टक्क्यांपर्यंत बर्फ भरला आहे. तो तिथे आला कसा, यावर मोठा वाद झाला. गंमत अशी की वादाच्या दोन बाजू एकाच मोहिमेत होत्या. १८८५-८६ साली अलेक्झांडर बुंगे आणि बॅरन एडुआर्ड टोल या बेटांवर बरोबर हिंडले. टोलच्या मते हा बर्फ म्हणजे मातीखाली गाडल्या गेलेल्या प्राचीन हिमनद्यांचे अवशेष. बुंगेचे म्हणणे निराळे होते: कडाक्याच्या थंडीत जमिनीला भेगा पडतात, त्यांत पाणी शिरून गोठते आणि पाचरी तयार होतात. निकाल सायबेरियात लागला नाही. अलास्काच्या किनाऱ्यावर वर्षानुवर्षे एकाकी राहिलेल्या अर्नेस्ट लेफिंगवेलने १९१५ साली अशा पाचरींचे सविस्तर निरीक्षण प्रसिद्ध केले. भेग दरवर्षी त्याच जागी पडते, थोडे पाणी शिरते, पाचर केसभर वाढते, आणि हे हजारो वर्षे चालते. बुंगेचा तर्क खरा ठरला.

अशा कड्याला लाट नुसती धडकत नाही, ती त्याला वितळवते. पाण्याच्या रेषेशी खोबण पडते, वरचा भाग अधांतरी राहतो आणि पाचरीच्या रेषेवर मोडून घराएवढा तुकडा कोसळतो. दगडी किनाऱ्यापुढे त्याच्याच भग्नावशेषांचा बांध साचतो. इथे अर्धा अवशेष पाणीच असल्याने बांध होतच नाही.

टोल स्वतः या समुद्रातच गेला. १८८६ साली कोटेल्नी बेटावरून त्याला क्षितिजावर पर्वतांच्या आकृती दिसल्या होत्या. तिथली जमीन याकोव्ह सान्निकोव्हनेही पूर्वी पाहिल्याचे सांगितले होते. तिच्या ध्यासाने तो पुन्हा आला आणि १९०२ च्या हिवाळ्यात बेनेट बेटावरून तीन सोबत्यांसह परतताना नाहीसा झाला. 'सान्निकोव्ह भूमी' कधीच सापडली नाही. तीही बर्फाची होती व वितळली, असे अनेकांनी मांडले. तसे असू शकते. पण मृगजळाची शक्यता अधिक वाटते, कारण दूरवरून दिसण्याखेरीज तिचा दुसरा कोणताही पुरावा नाही. सेम्योनोव्स्कीचे तसे नाही. त्यावर माणसे चालली होती.

आंजूच्या १५ किलोमीटरांपैकी १९१२ मध्ये सुमारे साडेचार उरले होते. १९३६ मध्ये दोनच्या आसपास. १९५५ मध्ये तिथे समुद्र होता.

आज हीच मोजणी उपग्रह करतात. तिक्सीजवळच्या मुओस्ताख बेटाने १९५१ ते २०१३ या काळात जवळजवळ चतुर्थांश क्षेत्र गमावले. अलास्कातील ड्रू पॉइंटजवळच्या किनाऱ्यावर मागे हटण्याचा सरासरी वेग १९५५ ते १९७९ मध्ये वर्षाला सुमारे सात मीटर होता. २००२ ते २००७ मध्ये तो १३ मीटरांच्या पुढे गेला. संपूर्ण आर्क्टिकची सरासरी मात्र वर्षाला अर्धा मीटरच निघते, कारण खडकाळ किनारे तीत मिसळलेले आहेत. आंजूच्या काळी हवा आजच्याहून थंड होती, तरीही बेटे वितळतच होती; म्हणून सगळा दोष आजच्या उष्म्यावर टाकता येत नाही. पण समुद्र बर्फाविना मोकळा राहण्याचे दिवस वाढले की लाटांना कामाला अधिक वेळ मिळतो, आणि तो वाढतो आहे.

२०१३ साली या समुद्रावरून जाणाऱ्या रशियन हेलिकॉप्टरच्या वैमानिकांना खाली वाळूचा एक ठिपका दिसला. क्षेत्र सुमारे ५०० चौरस मीटर, उंची पाण्यावर एक मीटरही नाही. प्रथम कोणी पाहिले असे विचारताच सगळेच 'या! या!', म्हणजे 'मी! मी!' म्हणाले, म्हणून बेटाचे नाव 'याया' पडले, असे सांगतात. वासिल्येव्स्की बेट जिथे विरघळले, त्याच उथळ जागेवर ते उभे आहे.