मुंबईची भट्टी : लांकूड, गॅस कीं वीज?

अन्न शिजविण्यास अग्नि लागतो हें कोणीहि सांगेल. परंतु अग्नीबरोबर येणारा धूर कोणाच्या वाट्यास जावा, हा प्रश्न प्रत्येक पिढीला नव्यानें सोडवावा लागतो. मुंबईच्या उपनगरांत, अंधेरी-कुर्ला रस्त्यावरील साकीनाक्यासारख्या दाट वस्तींत, पावाची भट्टी किंवा हॉटेलाचा तंदूर चालविणाऱ्या गृहस्थापुढें तो आज वेगळ्या शब्दांत उभा आहे : भट्टी विजेवर चालवावी कीं गॅसवर? वरवर पाहतां हा जमाखर्चाचा प्रश्न दिसतो. परंतु त्याच्या पाठीमागें दीडशें वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे, आणि तो ध्यानांत घेतल्यावांचून जमाखर्चहि पुरा मांडतां येणार नाहीं.

पाव हें नांवच मुळीं पोर्तुगीज भाषेंतून आलेलें. गोमंतकांत पाव भाजणाऱ्यास पोदेर म्हणतात, आणि पूर्वीं तेथें पीठ आंबविण्यास माडाची सूर वापरीत. पोटासाठीं मुंबईस आलेल्या गोमंतकीय मंडळींनीं हा धंदा आपल्याबरोबर आणला. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इराणी मंडळींनीं त्यास चहाच्या दुकानांची जोड दिली, आणि ज्या पावाकडे एके काळीं लोक संशयानें पाहत तोच गिरणीकामगारांची न्याहारी होऊन बसला. त्या पावाची जुन्या पद्धतीची भट्टी म्हणजे जाड विटांची एक बुटकी कमान. आंत लांकडें पेटवावयाचीं, विटा लाल होईतों तापवावयाच्या, निखारे बाजूस सारावयाचे, आणि मग लांब दांड्याच्या फळीनें कणकेचे गोळे आंत सोडावयाचे. विटांनीं साठविलेली उष्णता हेंच त्या पावाच्या खरपूस कवचाचें रहस्य होय.

लांकडास पर्याय नव्हता असें मात्र नाहीं. मुंबईच्या रस्त्यांवर दगडी कोळशापासून काढलेल्या गॅसचे दिवे १८६५ सालीं लागले. बेटांत विजेचा पुरवठा करणारी कंपनी १९०५ सालीं निघाली, आणि १९१५ सालीं खोपोलीच्या जलविद्युत् केंद्राची वीज गिरण्यांना मिळूं लागली. मुंबई उपनगरांसाठीं वीज कंपनी १९२९ सालीं स्थापन झाली. मध्यंतरीं, १९१२ सालीं, धुराच्या उपद्रवास आळा घालण्यासाठीं मुंबई सरकारनें एक स्वतंत्र कायदाहि केला. परंतु त्या कायद्याची दृष्टि मुख्यतः कारखान्यांच्या उंच चिमण्यांवर होती. दिव्यांची वात बदलली, गिरण्यांचीं चाकें विजेवर फिरूं लागलीं. गल्लींतली भट्टी मात्र लांकडावरच राहिली. तिचा धूर आकाशांत उंच जात नसे. तो शेजाऱ्याच्या खिडकींत जाई, आणि त्याहून अगोदर भट्टीपुढें उभ्या असलेल्या कामगाराच्या छातींत जाई.

साकीनाका त्या काळीं साष्टीच्या ग्रामीण भागांत मोडत असे. १९५० सालीं अंधेरी व कुर्ला हे भाग महानगरपालिकेच्या हद्दींत आले, आणि पुढें या रस्त्याच्या दुतर्फा कारखाने, गाळे व गोदामें यांची गर्दी उसळली. जेथें कामगार तेथें पाव, फरसाण आणि चहा हे ओघानेंच आले. त्याच सुमारास, १९५५ सालीं, सिलिंडरमधील गॅस मुंबईंतील घरांत शिरला, आणि १९९५ सालीं स्थापन झालेल्या महानगर गॅस कंपनीनें नळाचा गॅस शहरांत पसरविला. घरांतली चूल अशा रीतीनें बदलली. परंतु धंद्याची भट्टी बदलेना. मोडक्या फर्निचरचें व पाडलेल्या इमारतींचें लांकूड स्वस्त मिळे. त्यावरील रंग, रोगण व सरस जळतांना काय ओकतात, याचा हिशेब कोणत्याहि वहींत लिहिला जात नव्हता.

तो हिशेब अखेर न्यायालयांत निघाला. शहराच्या हवेविषयीं २०२३ सालीं स्वतः होऊन दाखल करून घेतलेल्या प्रकरणांत, ९ जानेवारी २०२५ रोजीं, मुंबई उच्च न्यायालयानें आदेश दिला कीं, लांकूड व कोळसा जाळणाऱ्या भट्ट्या सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनावर न्याव्यात. पूर्वीं एक वर्षाची मुदत होती. ती निम्मी झाली. महानगरपालिकेनें नोटिसा काढल्या, आणि वर्षानुवर्षें टाळलेला प्रश्न एकदम दाराशीं येऊन ठेपला.

या वेळीं पुष्कळांनीं चवीचा आक्षेप घेतला. धुराशिवाय गोडी नाहीं, असें त्यांचें म्हणणें. परंतु आपल्या स्वयंपाकघरांतील धुंगार देण्याची रीत पाहावी : वाटींत एक निखारा ठेवावयाचा, त्यावर चमचाभर तूप सोडावयाचें, आणि भांड्यावर झांकण घालावयाचें. अन्न शिजविणारी उष्णता निराळी आणि त्यास वास देणारा धूर निराळा, हें आपल्या आजीबाईंना पूर्वींपासून ठाऊक होतें. पाश्चात्य देशांत मांस व मासे धुरावण्याचीं जीं कपाटें मिळतात, त्यांचें तत्त्वहि हेंच. उष्णता वीज देते किंवा गॅस देतो. वास मूठभर लांकडाच्या ढलप्या देतात. पावाची गोष्ट तर त्याहून सोपी, कारण त्याचें कवच तापलेल्या विटांमुळें येतें, धुरामुळें नव्हे.

आतां दोहोंची तुलना करावी. गॅसची ज्योत झटपट तापते, आणि ती जळतांना पाण्याची वाफहि निर्माण होते. त्यामुळें भट्टीच्या आंतली हवा अगदीं कोरडी पडत नाहीं. परंतु सिलिंडरमधील गॅस म्हणजे प्रोपेन व ब्यूटेन यांचें मिश्रण. तो हवेपेक्षां जड असल्यानें गळल्यास जमिनीलगत साचतो व ठिणगीची वाट पाहतो. नळाचा गॅस हलका. तो वर निघून जातो, मात्र त्यास वाट ठेवलेली पाहिजे, आणि त्याचा नळ गल्लीपर्यंत पोहोंचलेला पाहिजे. विजेची भट्टी उष्णता एकसारखी ठेवते व खोलींत ज्योत नसते. पण तिला मंजूर भार अधिक लागतो, जाड तारा लागतात, आणि तारा जुन्या असल्यास आगीची भीति तेथेंहि आहेच.

विजेला धूर नसतो हेंहि अर्धेंच सत्य आहे. मुंबईच्या उपनगरांना वीज देणाऱ्या केंद्रांपैकीं एक डहाणूस आहे. ५०० मेगावॉटचें हें केंद्र कोळशावर चालतें. चिकूच्या बागांचा तो तालुका १९९१ सालींच पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित झाला होता, आणि तेथील रहिवाशांना धुरांतील गंधक काढून टाकणारी यंत्रणा बसवून घेण्यासाठीं दीर्घकाळ झगडावें लागलें. तात्पर्य, धूर नाहींसा होत नाहीं. तो आपला पत्ता बदलतो. तथापि एका उंच चिमणीवर गाळणी बसवितां येते आणि जाब विचारतां येतो. शेंकडों बुटक्या चिमण्यांच्या बाबतींत तें साधत नाहीं. विजेच्या बाजूनें हा मुद्दा निःसंशय मोठा आहे.

परंतु सर्वांत मोठा मुद्दा इंधनाचा नव्हेच. १८ डिसेंबर २०१७ च्या पहाटें साकीनाक्याच्या खैरानी रोडवरील फरसाणाच्या एका गाळ्यास आग लागली व १२ कामगार मृत्यु पावले. जेथें दिवसा तळण चालतें तेथेंच रात्रीं माणसें निजतात, ही या शहराची जुनी रीत. ती कायम राहिली तर लांकूड, गॅस व वीज यांत फारसा भेद उरत नाहीं. म्हणून ज्यास निवड करावयाची आहे त्यानें अगोदर गाळ्यास दुसरें दार आहे कीं नाहीं, हें पाहावें. नळाचा गॅस असेल व हवा खेळती असेल, तर गॅस घ्यावा. कोंदट जागा असेल, तर तारा नव्या करून वीज घ्यावी. सिलिंडरांची रास बंद खोलींत कदापि ठेवूं नये. आणि नव्या भट्टीचा खर्च एकट्या छोट्या भट्टीवाल्यावर टाकून शहरानें मोकळें होऊं नये. कारण त्याच्या स्वस्त पावावर सगळें शहर वाढलें, आणि त्या स्वस्ताईची किंमत आजवर भट्टीपुढें उभ्या असलेल्या माणसानें आपल्या श्वासानें चुकती केली आहे.